‘अनप्रॉडक्टिव्ह’ नऊ महिने

लांब पल्ल्याचं धावणाऱ्यांच्या मनगटावर हल्ली जे घड्याळ असतं, ते वेळ सांगण्यापुरतं थांबत नाही. रात्री झोप किती झाली, काळीज मिनिटाला किती वेळा धडधडलं, कालच्या चढाने पोटऱ्यांचं काय केलं, आज धावावं की गुपचूप घरी बसावं, सगळ्यावर त्याचं मत असतं. त्यातलं एक मत धावणाऱ्यांच्या जगात फार बदनाम आहे. माणूस नेमाने धावतोय, पण त्याच वेगाला हृदयाचे ठोके मात्र वाढत चाललेत असं दिसलं, की घड्याळ तोंडावर सांगतं: ‘अनप्रॉडक्टिव्ह’.

गरोदरपणात नेमकं हेच होतं. अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, बसल्या जागी ठोके मिनिटाला दहा-वीसने वर जातात, आणि सहाच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं घेत, गप्पा मारत पळणाऱ्या बाईला सातच्या पेसला धाप लागते. घड्याळाच्या हिशेबी ही घसरगुंडी. म्हणजे जिच्या पोटात एक अख्खा माणूस तयार होतोय, हाडं, नखं, पापण्यांसकट, तिला दर दोन दिवसांनी मनगटावरून निरोप येतो की बाई, तुझ्या हातून काही निर्मिती होताना दिसत नाही. खाष्टातली खाष्ट सासूसुद्धा इतकं स्पष्ट बोलत नाही.

अलीकडे काही घड्याळांत गर्भारपण नोंदवण्याची सोय झाली आहे. त्यामुळे नवऱ्यानंतर दुसरी बातमी घड्याळाला द्यायची. पुष्कळजणी क्रम उलटा लावतात, असं म्हणतात.

मुरलेला धावक पायांवरून ओळखू येत नाही, आकड्यांवरून येतो. ‘आठवड्याला किती?’ असं विचारलं तर चारचौघं दुधाचा हिशेब सांगतील. हा किलोमीटर सांगतो. फ्रिजवर चुंबकाखाली अठरा आठवड्यांचा तक्ता लावलेला असतो. मंगळवारी इंटरव्हल, गुरुवारी टेम्पो, रविवारी लाँग रन. जानेवारीतला तिसरा रविवार मुंबई मॅरेथॉनचा, म्हणून चुलतभावाचं लग्न, भाचीचं बारसं आणि घराचं रंगकाम त्याच्या अलीकडे-पलीकडे सरकवलेलं. अशा बाईला दिवस गेले की ती आधी बोटांवर मागे मोजते, मग पुढे मोजते. तेव्हा कुठे तिच्या लक्षात येतं की चाळीस आठवड्यांचा हा तक्ता भलत्याच कुणीतरी आखलाय आणि शर्यतीची तारीख पक्की नाही. डॉक्टर एक तारीख देतात खरी, पण शंभरातली जेमतेम चार-पाच बाळं ती पाळतात. टेपर, म्हणजे शर्यतीआधी सराव कमी करणं, कधी सुरू करायचा, आदल्या रात्री काय खायचं, बूट कुठले घालायचे, काहीच ठरवता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच अशी शर्यत, जिचा बिब आधी घेऊन ठेवता येत नाही.

पहिले तीन महिने बातमी फोडायची नाही, हा आपल्याकडचा रिवाज. धावणाऱ्या बाईला तो पाळणं महाकठीण. नातेवाइकांना कळायच्या आधी स्ट्राव्हाला, म्हणजे धावांची नोंद सगळ्यांना दाखवणाऱ्या अ‍ॅपला, कळतं. गेल्या महिन्यात साडेपाचच्या पेसने दहा किलोमीटर मारणारी बाई सलग तीन रविवार पावणेसातने सहाच करते, त्यात मध्ये दोनदा थांबलेली असते. प्रत्येक ग्रुपात एक काका असतात; बँकेतून निवृत्त, गुडघ्याला पट्टा, नजर सगळ्यांच्या आकड्यांवर. पळून झाल्यावर पोह्यांच्या गाडीपाशी ते निदान करतात, ‘‘तुझं हिमोग्लोबिन पडलंय. बीट खात जा.’’ गंमत म्हणजे काका अगदीच चुकलेले नसतात. गर्भारपणात रक्तातला पाण्याचा भाग तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढतो, त्यामुळे एकंदर रक्त वाढूनही तपासणीत हिमोग्लोबिन खाली दिसतं. निदान बरोबर, कारण दुसरंच. बाई मान डोलावते आणि बीट खाते.

काकांना हसण्याआधी नॉर्वेकडे बघावं. मार्च १९८३ मध्ये इंग्लंडातल्या गेट्सहेडला जागतिक क्रॉसकंट्री स्पर्धा झाली. नॉर्वेची इन्ग्रिड क्रिस्टियान्सन ही तेव्हाच पहिल्या फळीतली धावपटू. ती पस्तिसावी आली. सरावाची वही बघितली, तिच्यात खोट सापडेना. वेग का पडला याचं कोडं अखेर सोडवलं ते तिच्या प्रशिक्षकाच्या बायकोने. तुला दिवस तर गेले नाहीत ना, अशी शंका तिने काढली. गेले होते! पाचवा महिना चालू होता. आठवड्याला शे-दीडशे किलोमीटर धावणाऱ्या पुष्कळजणींची पाळी मुळात बेभरवशाची असते, कारण जेवढं जाळतात तेवढं पोटात जात नाही. त्यामुळे पाळी चुकली म्हणून कुणी दचकत नाही. मोजमापं करणाऱ्यांना जे दिसलं नाही ते एका बाईने नुसतं बघून ओळखलं. आपल्याकडे प्रत्येक लग्नात अशी एक मावशी असते, जी पंगतीत नुसतं बसताना बघून सांगते. तिला एखाद्या क्रीडा संस्थेवर घ्यायला हरकत नाही.

या गोष्टीचा पुढचा भाग जास्त खुमासदार आहे. त्याच वर्षी जानेवारीत इन्ग्रिडने ह्यूस्टन मॅरेथॉन जिंकली होती. ऑगस्टमध्ये मुलगा झाला, म्हणजे ह्यूस्टनला तोही बरोबर होता, हे बोटांवर मोजलं तरी कळतं. पुढच्या जानेवारीत, बाळ पाच महिन्यांचं असताना, ती पुन्हा ह्यूस्टनला गेली आणि पुन्हा जिंकली. वेळ २ तास २७ मिनिटं ५१ सेकंद, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा पाचेक मिनिटांनी कमी. १९८५ मध्ये लंडनला तिने २:२१:०६ चा जागतिक विक्रम केला आणि तो तेरा वर्षं टिकला. नॉर्वेच्या बर्फाळ हिवाळ्यात ती घरातल्या ट्रेडमिलवर तासन् तास पळायची. तान्ह्या पोराच्या आईला याहून सोयीची जागा नाही, पोर रडलं तर बटण दाबून खाली उतरायचं.

पण हे सगळं घडत होतं त्या काळात शहाणीसुरती माणसं काय म्हणत होती? बायका लांब पळाल्या तर गर्भाशय जागचं हलेल, असं एकेकाळी गंभीर चेहऱ्याने सांगितलं जाई. १९६६ मध्ये बॉबी गिब या तरुणीने बोस्टन मॅरेथॉनला अर्ज केला, तर बाईच्या शरीराला हे अंतर झेपत नाही असं उत्तर आलं. ती झुडपात लपून बसली आणि शर्यत सुरू झाल्यावर गर्दीत शिरून अख्खं अंतर पळाली. काही जागचं हलल्याचं ऐकिवात नाही. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती थेट १९८४ मध्ये.

आणि पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने गरोदर बायकांसाठी नियम काढला: हृदयाचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत आणि जोराचा व्यायाम सलग पंधरा मिनिटांहून जास्त करायचा नाही. गिरगावातल्या चाळीचा तिसरा मजला, हातात भाजीची पिशवी आणि कडेवर थोरलं पोर, एवढ्यावर १४० होतात. त्या हिशेबाने चाळीतल्या समस्त गरोदर बायकांनी नऊ महिने तळमजल्यावर मुक्काम करायला हवा होता. आकडा कुठल्या भक्कम पुराव्यातून आला होता असंही नाही. सावधपणापोटी ठरवलेला होता. १९९४ मध्ये संघटनेने तो गुपचूप मागे घेतला. पण वैद्यकातला नियम पुस्तकातून निघाला तरी लोकांच्या तोंडातून निघत नाही. १४० चा दाखला देणारी माणसं आजही जिममध्ये भेटतात, तीही हातात डंबेल घेऊन.

मधल्या काळात जेम्स क्लॅप नावाच्या अमेरिकी प्रसूतितज्ज्ञाने एक साधी गोष्ट केली होती. तो प्रत्यक्ष धावणाऱ्या गरोदर बायकांच्या मागे लागला, म्हणजे अभ्यासासाठी. वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्यावर दिसलं की आधीपासून पळणाऱ्या निरोगी बायकांनी पळणं चालू ठेवलं म्हणून गर्भपात वाढत नाहीत, बाळंतपणं लवकर होत नाहीत, आणि त्यांची वार चांगली वाढलेली असते. आता जागतिक आरोग्य संघटनाही २०२० पासून गरोदर आणि बाळंतिणींना आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम करा म्हणून सांगते. ज्या बाईचा एका रविवारचा लाँग रनच तीन तासांचा, ती हे वाचून मनातल्या मनात विचारते, ‘‘आठवड्याला की एका बैठकीला?’’

वरची मर्यादा कुठे आहे तेही एकदा मोजून झालं. नॉर्वेतच, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑलिंपिक दर्जाच्या सहा गरोदर खेळाडूंना, सहाव्या-सातव्या महिन्यात, ट्रेडमिलवर पळवलं आणि त्याच वेळी बाळाच्या हृदयावर लक्ष ठेवलं. आईचे ठोके कमाल पातळीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत होते तोवर बाळ मजेत होतं. त्याच्या वर गेल्यावर बाळाचे ठोके मंदावले आणि आई थांबल्यावर लगेच पूर्ववत झाले. सहाच बायका, त्यामुळे यावरून जगाचा कायदा करता येत नाही. पण प्रशिक्षकाला ‘बास’ म्हणण्याची कला इतक्या लहान वयात साधणं कौतुकाचंच.

रोजच्या व्यवहारात डॉक्टर याहून सोपी कसोटी देतात: धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. आपल्याकडच्या रनिंग ग्रुपांत या कसोटीला नापास होणारी बाई अजून जन्मायची आहे. रक्तस्राव, चक्कर, छातीत दुखणं, वार खाली असणं, अशा गोष्टी असल्या तर मात्र विनोद संपतो. तिथे बूट कपाटात आणि बाई डॉक्टरांकडे. आणि हे सगळे १४० आणि १५० चे आकडे ज्यांच्यासाठी छापले जातात त्या बायका मुळात वेळ काढून पळणाऱ्या. ऊसतोडीला गेलेली बाई आठव्या महिन्यात डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढते, तेव्हा तिथे कुणाची मार्गदर्शक तत्त्वं पोचलेली नसतात.

सातव्या महिन्यात धावणाऱ्या बाईच्या वाटेला येणारा सगळ्यात अवघड चढ मुंबई मॅरेथॉनमधल्या पेडर रोडचा नसतो, बुटाच्या नाडीचा असतो. पहाटे सव्वापाचला ती दारातल्या स्टुलावर बसते. वाकून बघते तर बूट दिसत नाही, मधे पोट. मग पाय आडवा घेऊन गुडघ्यावर ठेवते, तर बोटं नाडीपर्यंत पोचतात पण श्वास संपतो. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर पाय टेकवून बाजूने वाकण्याचा प्रयोग होतो. शेवटी नवऱ्याला उठवतात. तो अर्धवट झोपेत उकिडवा बसून जी गाठ मारतो ती बोहल्यावरच्या उपरण्या-शेल्याच्या गाठीइतकी पक्की असते, म्हणजे परत आल्यावर सोडायलाही तोच लागतो. त्यात बूट घट्ट होतात. गर्भारपणात पायाची कमान थोडी सपाट होते, पाऊल लांबी-रुंदीला वाढतं, आणि पुष्कळदा बाळंतपणानंतरही ते मूळ मापावर येत नाही. नवे बूट घ्यायला यापेक्षा सबळ कारण धावकांच्या इतिहासात कुणाला मिळालेलं नाही. एरवी ते ‘जुन्याचा तळ गेला’ एवढंच सांगून दर चार महिन्यांनी बूट आणतात.

दुसरी अडचण मूत्राशयाची. बाळ त्याच्यावर बसतं, किंवा निदान तसं वाटतं. मग धावण्याचा मार्ग टेकडी, झाडं, वाहतूक हे बघून ठरत नाही. कुठल्या पेट्रोल पंपाचं स्वच्छतागृह पहाटे उघडं असतं, कुठल्या पंपाची किल्ली कुणाच्या ड्रॉवरमध्ये असते, कुठल्या उडप्याचा पोऱ्या साडेपाचला शटर वर करतो, असा एक नकाशा तिच्या डोक्यात तयार होतो. गूगलला जमलेला नाही असा तो नकाशा ग्रुपातल्या अनुभवी बाया पुढच्या गरोदर बाईकडे सोपवतात. बाळंतविड्यातली ही खरी मोलाची वस्तू.

आणि डोहाळे. गरोदर बाईचे डोहाळे पुरवावेत, नाहीतर बाळाचे कान फुटतात, असं आपल्याकडे म्हणतात. चिंचा मागितल्या, आवळे मागितले, मध्यरात्री कुल्फी मागितली तरी घर धावपळ करतं. पण ‘‘मला वीस किलोमीटरचे डोहाळे लागलेत’’ म्हटलं की घर एकदम आधुनिक होतं. डोहाळ्यांवर आपला विश्वास नाही, असं सगळे एकमुखाने सांगतात.

रस्त्यावरचे लोक तर बोलणारच. बागेत फेऱ्या मारणारे आजोबा, दूधवाला, सिग्नलला थांबलेला रिक्षावाला, ‘‘अहो ताई, जपून!’’ म्हणून जातात. सल्ला देणारा स्वतः हेल्मेट न घालता स्कूटरवर तिघांना बसवून चाललेला असतो. अमेरिकेत अलीशिया माँटान्यो या बाईंनी या सगळ्या जपूनवाल्यांना एकदमच उत्तर दिलं. २०१४ च्या जूनमध्ये सॅक्रामेंटोला राष्ट्रीय स्पर्धेत ८०० मीटर पळायला त्या उतरल्या त्या चौतीस आठवड्यांच्या पोटासकट, केसांत नेहमीचं फूल खोवून. आठशे म्हणजे काही लांब पल्ला नव्हे, पण पोट तेवढंच मोठं होतं. शेवटच्या आल्या, २ मिनिटं ३२ सेकंदांत; स्वतःच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा फक्त पस्तीस सेकंद जास्त. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. घरी बसून टीव्ही बघणाऱ्या किती निरोगी पुरुषांना २:३२ जमेल, हा प्रश्न कुणी विचारला नाही. बरं झालं.

शिकागोत २०११ साली तर एक बाई एकोणचाळिसावा आठवडा सरत आलेला असताना मॅरेथॉनला उभी राहिली. नोंदणी आधीच केली होती, पैसे भरले होते. डॉक्टरांची परवानगी काढून, अर्धं पळत अर्धं चालत सहा तास पंचवीस मिनिटांत तिने अंतर पुरं केलं. शेवटी कळा सुरू झाल्या, रात्री मुलगी झाली. भरलेले पैसे वसूल करण्याची ही जिद्द आपल्याकडच्या कुठल्याही मध्यमवर्गीय माणसाला आतून समजेल.

धावणं आणि गर्भारपण यांची तुलना शास्त्रज्ञांनीही करून बघितली आहे. २०१५ मध्ये काही माणसं अमेरिका खंड आडवा पळत गेली, आठवड्याला सहा मॅरेथॉन, कितीतरी आठवडे. त्यांच्या अंगातून किती ऊर्जा जाते ते मोजून ड्यूक विद्यापीठातल्या हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सांगितलं की माणसाचं शरीर महिनोन्महिने जास्तीत जास्त जो खर्च झेपवू शकतं, तो स्वस्थ पडून असतानाच्या खर्चाच्या साधारण अडीच पट. त्याहून जास्त अन्न पचवणं आतड्यांनाच जमत नाही. मग त्यांनी गर्भारपणाचा आकडा शेजारी मांडला: साधारण २.२ पट. म्हणजे खंड ओलांडणारा धावक आणि सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली आठव्या महिन्यातली बाई यांच्यात फरक थोडाच. एकाला शेवटी पदक मिळतं, दुसरीला ‘‘दिवसभर घरीच तर असतेस’’.

बाळंतपण झाल्यावर आकड्यांचा दुसरा खेळ सुरू होतो. आपल्याकडे सव्वा महिना. कानाला रुमाल, बाजेखाली शेगडी, अंगाला तेल, ताटात डिंकाचे आणि अळिवाचे लाडू. धावणारी बाई या राजेशाही कैदेत तिसऱ्या दिवशी चुळबुळते. लाडू मात्र तिला मनापासून पटतात, कारण मॅरेथॉनच्या तिसाव्या किलोमीटरला जी जेलची पुडी ती दोनशे रुपये देऊन चोखते, तिच्यापेक्षा डिंकाच्या लाडवात माल जास्त आणि चव कितीतरी बरी. पळायला कधी सोडणार, हा प्रश्न ती रोज एकदा आईला विचारते. आई म्हणते, ‘‘अगं, आधी टाके तर भरू देत!’’

इंग्लंडची पॉला रॅडक्लिफ थांबली नव्हती. २००३ मध्ये २:१५:२५ असा मॅरेथॉनचा विक्रम करणारी ही बाई. जानेवारी २००७ मध्ये तिला मुलगी झाली आणि बाराव्या दिवशी ती पळायला लागली. कमरेच्या खालच्या हाडाला बारीक तडा गेला, महिने वाया गेले. तरी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन तिनेच जिंकली आणि तिथेच लेकीला कडेवर घेतलं. फोटो जगभर छापले गेले. हाडाचा तडा फोटोत येत नाही. पुढे २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्ट मंडळींनी बाळंतपणानंतर धावण्याविषयी सूचना काढल्या, त्यांत बारा आठवड्यांच्या आत पळू नका असं आहे. ओटीपोटाचे आणि मूत्राशयाला आधार देणारे स्नायू सावरायला तेवढा काळ लागतो. नाहीतर शिंकेबरोबर जे होतं ते प्रत्येक पावलाबरोबर होतं. म्हणजे आजीचा सव्वा महिना साहेबाच्या शास्त्राने दुप्पट करून परत पाठवला. आजीला हे कळवण्यात अर्थ नाही, ती पुढच्या बाळंतपणाला तीन महिने शेगडी पेटवेल.

नामवंत धावपटूंच्या बाबतीत बाळंतपणानं नेमकं काय बिघडतं, हे बेचाळीसजणींच्या नोंदी काढून तपासलं गेलं आहे. पहिल्या तिमाहीत सरासरी आठवड्याला ६३ किलोमीटर, शेवटच्या तिमाहीत ३०. साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा हालचाल, आणि पुढच्या एक ते तीन वर्षांत ज्यांना परत यायचं होतं त्यांची कामगिरी एकंदरीत घसरली नाही. जवळजवळ निम्म्याजणी तर आधीपेक्षा वेगवान झाल्या. केनियाच्या फेथ किपयेगॉनला २०१८ मध्ये मुलगी झाली, मग २०२१ चं टोकियोचं सुवर्ण आणि २०२३ मध्ये १५०० मीटर, मैल आणि ५००० मीटर अशा तिन्हींचे विक्रम. ब्रिटनची जो पेव्ही दुसऱ्या बाळंतपणानंतर वर्षाच्या आतच, चाळिशीत, १०,००० मीटरची युरोपची विजेती झाली.

शरीर परत येतं. कागदपत्रांचं तसं नाही.

बूट-कपड्यांच्या बड्या कंपन्या धावपटूंशी करार करतात, त्यांत शर्यती चुकवल्या तर पैसे कापायचं कलम असतं. गुडघा दुखावला की माणूस जखमी, पोटात बाळ असलं की बाई कामचुकार. धावपटू कारा गाउचर बाळ सात महिन्यांचं असताना बोस्टनला पळाली, २:२४:५२ मध्ये पाचवी आली, आणि त्यामागे पैशांची केवढी घाई होती ते तिने पुढे जाहीरपणे सांगितलं. २०१९ च्या मे महिन्यात माँटान्यो, गाउचर आणि धावपटू अ‍ॅलिसन फेलिक्स यांनी वृत्तपत्रात तोंड उघडलं. त्याच ऑगस्टमध्ये नायकेने गर्भारपणाभोवतीचे अठरा महिने पैसे न कापण्याचं मान्य केलं. ज्या कंपनीच्या जाहिरातीत बायका हमखास सूर्योदयाच्या दिशेने धावतात, तिला मूल कसं होतं हे समजायला इतका वेळ लागावा!

शर्यतींचे आयोजकही मागे नव्हते. फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड मिळून माँ ब्लाँ पर्वताला १७१ किलोमीटरचा वळसा घालणाऱ्या प्रसिद्ध शर्यतीत जखमी धावकाची जागा पुढच्या वर्षासाठी राखली जायची, गरोदर बाईची नाही. ब्रिटनच्या सोफी पॉवरची एक जागा पहिल्या गर्भारपणात अशीच गेली होती. म्हणून २०१८ मध्ये दुसरं बाळ तीन महिन्यांचं असतानाच ती उभी राहिली. इटलीतल्या कूर्मायरच्या थांब्यावर ती एकीकडे बाळाला पाजतेय, दुसरीकडे पंप लावलाय, आणि शेजारी एक पुरुष धावक पाय पसरून आडवा झालाय, असा तिचा फोटो आहे. तो पाहून जगाने वा वा केलं. ती म्हणत होती की वा वा नको, नियम बदला. पुढच्या काही वर्षांत लंडन आणि बोस्टन मॅरेथॉननी गरोदर बायकांची जागा पुढे ढकलण्याची सोय केली.

अमेरिकेच्या अ‍ॅलिफीन टुलियामुकने तर सगळं वेळापत्रकात बसवलं होतं. २९ फेब्रुवारी २०२० ला ऑलिंपिकची निवड-मॅरेथॉन जिंकायची, उन्हाळ्यात ऑलिंपिक पळायचं, मग मूल. निवड झाली आणि कोविडने ऑलिंपिकच वर्षभर पुढे गेलं. तिने क्रम बदलला. जानेवारी २०२१ मध्ये मुलगी, ऑगस्टमध्ये ऑलिंपिक. आता अडचण अशी, की अंगावर पिणारं मूल जपानला न्यायला आयोजकांची परवानगी नव्हती. हजारो माणसांना तिथे आणि परत नेण्याचा आराखडा करणाऱ्या लोकांच्या डोक्यात सात महिन्यांचं पोर आलंच नव्हतं. बरीच ओरड झाल्यावर जूनच्या अखेरीस तान्ह्या मुलांना मुभा मिळाली. कंबर दुखावल्याने तिला शर्यत अर्ध्यात सोडावी लागली, पण लेक सोबत होती.

आणि जस्मिन पॅरिस. ही स्कॉटलंडमधली जनावरांची डॉक्टर. २०१९ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या पेनाइन डोंगररांगेतून ४३१ किलोमीटरची ‘स्पाइन रेस’ झाली; बर्फ, चिखल, आणि दिवसाचे सोळा तास काळोख. घरी चौदा महिन्यांची मुलगी होती, अजून पिणारी. म्हणून थांब्याथांब्यावर इतर धावक डुलकी काढत तेव्हा ही बाई दूध काढून ठेवायची, कमी झोपायची आणि पुढे निघायची. ८३ तास १२ मिनिटांत पोचली. सगळ्या पुरुषांच्या आधी, आणि आधीच्या विक्रमापेक्षा बारा तास लवकर. दूध काढण्यात गेलेला वेळ वजा करून मांडायला हवा होता, पण तसा रकाना निकालपत्रकात नसतो. विक्रम मोडल्यावर पत्रकारांचे फोन सुरू झाले. तिला मात्र घरी जायची घाई होती. पीएचडीचा प्रबंध लिहून व्हायचा राहिला होता.